तिसऱ्या कडव्यातला तुकडा

माझी बायको जिवंत आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण मध्यंतरी आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांना ते मान्य नव्हतं, आणि उरलेल्या निम्म्यांनी खात्री न करताच ग्रुपवर हात जोडले होते. ती जिवंत आहे, आत्ता स्वयंपाकघरात भाजी निवडते आहे, आणि मी बाहेर बसून काय लिहितोय याचा तिला संशय आलेला आहे.

गेलाय तो तिचा आवाज. आम्रपालीच्या गळ्यात गाठ होती, ती काढली. गाठ साधी निघाली, पण ती काढताना आवाजाची नस दुखावली. डॉक्टर म्हणाले, "आवाज येईल परत. किंवा नाहीही येणार." मी पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक आहे. कालव्याच्या पाण्याबद्दल आमचं खातं वर्षानुवर्षं लोकांना हेच उत्तर देत आलंय, त्यामुळे त्यात किती दम असतो ते मला चांगलं ठाऊक होतं.

तेव्हापासून ती नुसत्या श्वासानं बोलते. आणि गंमत अशी, की ती कुजबुजते म्हणून समोरचाही कुजबुजतो. दूधवाला कुजबुजायला लागला. गॅसवाला सिलिंडर आणून "मावशी, आला बरं का" असं चोरीचा माल दिल्यासारखं सांगायला लागला. मी स्वतः "मीठ कमी आहे का गं?" हे तिच्या कानाशी जाऊन विचारायला लागलो. घरात सारखं कुणीतरी आजारी झोपलंय असं वाटायचं. ऑफिस सुटलं तरी मला वाघोलीला घरी परतावंसं वाटत नसे. खरं ते सांगितलं.

दर वैशाख पौर्णिमेला आमच्या विहारात ती एक गाणं म्हणते. तिच्या वडिलांनी रचलेलं, त्यांनीच चाल लावलेलं. 'पिंपळाच्या सावलीला नाही कुणी परका.' ढोलकीवर मी. मी काही नावाजलेला वादक नाही, पण माझा ठेका पक्का आहे असा माझा समज होता, आणि तिसऱ्या कडव्यात 'सावलीला' या शब्दावर मी एक तुकडा वाजवतो, त्यावर लोक हमखास टाळ्या देतात. त्या टाळ्या कुणासाठी असतात हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

या वर्षी महिला मंडळाच्या अध्यक्षा दीपमालाताई घरी आल्या. "जय भीम" सुद्धा कुजबुजल्या. मग म्हणाल्या, "आम्रपालीताई, तुम्ही आराम करा. कात्रजहून एक मुलगी बोलावतोय. बरी गाते." आम्रपालीनं मान हलवली, त्यांना चहा दिला, त्या गेल्यावर कपाटातली पांढरी साडी काढली, घडी मोडली, पुन्हा घातली आणि साडी ठेवून दिली. ऑपरेशनपासून ती घराबाहेर पडली नव्हती. जिन्यात सुद्धा नाही. कुणी बोललं तर उत्तर कसं द्यायचं, ही तिला भीती.

तेव्हा मला आठवलं, की ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी बसून तिनं ते गाणं फोनमध्ये म्हणून ठेवलं होतं. मीच टेबलावर हातानं ठेका धरला होता. मी म्हणालो, "याच्याखाली संगीत घालू आपण. विहारात स्पीकरवर लावू. तू नुसतं येऊन बसायचं."

तिनं फोन हातात घेतला. मग म्हणाली, "चांगलं झालं तर येईन."

बस्स, एवढी एकच अट. गाणं चांगलं झालं तर बायको उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार होती. आणि ते चांगलं करायची जबाबदारी अशा माणसावर होती, ज्याला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं तर चॅनल बदलतो.

नगर रोडला अभय नावाचा एक कीबोर्डवाला आहे. लग्नाच्या पार्टीत वाजवतो. त्यानं मशिनच्या ठेक्यावर पेटी, बासरी, मागे झांजा असं सगळं वाजवून मला दिलं आणि सांगितलं, "काका, ठेका एकदम सरळ आहे. काकूंचा आवाज वर ठेवला की बसेल." सगळा घोटाळा त्या 'बसेल' या शब्दात होता. मिक्सिंग शिकवणारे जेवढे व्हिडिओ मी पाहिले त्या सगळ्यांचं म्हणणं हेच, की आवाज संगीताच्या 'वर' नको, 'आत' बसला पाहिजे. आमचा आवाज बसायलाच तयार नव्हता. आवाज थोडा वाढवला, की आम्रपाली एका खोलीत गाते आहे आणि शेजारच्या खोलीत कुणाचीतरी वरात चालली आहे असं वाटे. संगीत वाढवलं, की वरात आमच्याच खोलीत येई आणि आम्रपाली बाहेर फेकली जाई. मी पडद्यावरच्या आवाजाच्या दांड्या केसभर वर, केसभर खाली करत बसे. दोघांना एका घरात नांदवणं किती अवघड असतं हे मला इतक्या वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं ते तिथे कळलं.

मूळ रेकॉर्डिंगमध्ये कुकरची शिट्टी होती, टेबलावरची टकटक होती. त्यावर एक बटण सापडलं. ते दाबलं की गाणाऱ्याचा आवाज सोडून बाकीचा सगळा गोंगाट जातो. दाबलं. शिट्टी गेली, टकटक गेली. मला धन्य वाटलं. शेवटी गाणं संपल्यावर काहीतरी बोलणं होतं, तेही पहिल्याच झटक्यात कापून टाकलं. सफाई म्हणजे सफाई.

आता हे सगळं मे महिन्यात, पंखा बंद ठेवून. पंख्याच्या घरघरीत बारकावे ऐकू येत नाहीत असं एका व्हिडिओतल्या मुलानं सांगितलं होतं. तो बहुधा एसीत बसून सांगत असावा. दुसऱ्यानं सांगितलं, की गाणं समोर बसून ऐकू नका, खोलीबाहेर जाऊन बंद दारातून ऐका, म्हणजे तोल कळतो. म्हणून मी गाणं लावायचो, फ्लॅटचं दार ओढून घ्यायचो, आणि बाहेर जिन्यात भिंतीला कान लावून, डोळे मिटून उभा राहायचो. घामाच्या धारा लागलेल्या. रुमालानं चेहरा पुसतोय. आणि आतून आम्रपालीचा आवाज, त्याला मी नुकताच शिकलेला घुमारा लावलेला. हा घुमारा कितपत लावावा याचा अंदाज मला अजून यायचा होता. सध्या ती एखाद्या लेण्यातून गात होती.

समोरच्या फ्लॅटमधल्या दांडेकरांनी मला असं उभं असलेलं पाहिलं. सीताराम दांडेकर रेल्वेतून निवृत्त झालेत, थोडा तबला शिकलेत, आणि उरलेला इतरांना शिकवतात. एरवी ते माझ्याशी सरळ बोलत नाहीत. त्या दिवशी ते जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गजभिये, धीर धरा."

मी म्हणालो, "धरलाय हो. पण जमत नाहीये."

"वेळ लागतो."

"पौर्णिमेच्या आत व्हायला हवं."

त्यावर ते मान हलवत आत गेले. मला वाटलं, बरा माणूस आहे.

संध्याकाळी फोन वाजायला लागला. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी पियुष लुणावतनं आम्रपालीचा, कुठल्यातरी हळदीकुंकवातला, अर्धा चेहरा दुसऱ्या बाईच्या अंबाड्यामागे गेलेला फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'सौ. गजभिये काकू यांचे दुःखद निधन. सोसायटी एका गोड आवाजाला मुकली.' त्याखाली हात, फुलं, दिवे, आणि एका भाडेकरूचं 'पार्किंगमधली पांढरी गाडी कुणाची?'

मी तसाच खाली पळालो. पियुषचा मार्केट यार्डात गुळाचा गाळा आहे, आणि सोसायटीही तो गाळ्यासारखीच चालवतो. मी म्हणालो, "अहो, ती वर पोळ्या करतेय!"

"काका," तो अत्यंत मऊ आवाजात म्हणाला, "असं होतं. माझ्या आजोबांनाही आजी दिसायची."

त्याला हाताला धरून वर आणावं लागलं. आम्रपाली लाटणं घेऊन बाहेर आली आणि श्वासातल्या श्वासात "या, बसा" म्हणाली. पियुष एवढा दचकला, की दाराची कडी त्याच्या कोपराला लागली. सावरल्यावर त्यानं पोळी खाल्ली, पण माघार घेईना. म्हणाला, पोस्ट कमिटीच्या नावानं गेलीय, ती मागे घ्यायची तर कमिटीची मीटिंग घ्यावी लागेल, आणि कोरम उन्हाळ्यात होत नाही. शिवाय फ्लॅट काकूंच्या नावावर असल्यानं मॅनेजरनं हस्तांतरणाचे कागद काढायला घेतलेत, ते थांबवायला काकूंचा अर्ज लागेल. "काय अर्ज?" मी विचारलं. "की त्या आहेत," तो म्हणाला. जाताना त्यानं, फ्लॅट निवासी असून त्यात स्टुडिओ चालवता येणार नाही, अशी तोंडी समजही दिली, आणि वर सल्लाही दिला, की चांगला माल नेहमी पुढे मांडायचा, तेव्हा काकूंचा आवाज अजून वाढवा.

मला वाटलं आम्रपाली हसेल. मी ग्रुपवरचे निरोप तिला दाखवले, मुद्दाम नक्कल करून वाचून दाखवले. 'काकू फार छान गात असत.' 'त्यांचा आवाज कायम लक्षात राहील.' ती ऐकत होती. मग म्हणाली, "खरंच लिहिलंय सगळ्यांनी. गात असे."

आणि उठून गेली. नक्कल करणारा मी तसाच, तोंड उघडं ठेवून, सोफ्यावर. कुठला विनोद कुठे करावा याचाही एक तोल असतो, आणि त्याचे व्हिडिओ मिळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दांडेकर दिलगिरी व्यक्त करायला आले. म्हणजे त्यांच्या पद्धतीनं. "तुम्ही तोंडानं नीट सांगितलं असतंत तर मी कशाला गैरसमज करून घेतला असता?" मग त्यांनी गाणं ऐकायला मागितलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. दांडेकर मांडीवर ताल देत होते. तिसऱ्या कडव्यात ताल देणारा हात हवेत थांबला. संगीत सरळ पुढे निघून गेलं, आणि आम्रपाली 'सावलीला'वर मागे एकटी लांबलचक सूर धरून राहिली. ती खाली आली तोवर बासरी पुढच्या ओळीत पोहोचलेली.

"आवाज गोड आहे," दांडेकर म्हणाले. "पण वहिनी लयीला कच्च्या. इथे रेंगाळतात."

ते मलाही दिसत होतं. रोज तिथेच अडत होतं. मी तिचा सूर कापून आखूड करून पाहिला, तर ती उचकी लागल्यासारखी वाटायला लागली. संगीत ताणून पाहिलं, तर अभयची बासरी रडायला लागली. सूर झाकावा म्हणून तिथे झांजा वाढवल्या, तर झांजांखाली आवाजच गेला. गाण्यातली सगळ्यात सुंदर जागा, लोक ज्यासाठी थांबायचे ती, आणि नेमकी तिथेच मी बायकोला बुडवत होतो.

पौर्णिमा तोंडावर आली. उकाड्यानं आणि अपमानानं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आम्रपाली पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा मी, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, कुजबुजायचं विसरून मोठ्यानं बोललो. "तू तिसऱ्या कडव्यात लय सोडली आहेस! दांडेकरही तेच म्हणतात. इतकी वर्षं मी ठेका धरून बसतो, तुझ्या लक्षात येत नाही?"

तिनं तांब्या खाली ठेवला. बोलून उपयोगही नव्हता, माझ्या ओरडण्यापुढे तिचा श्वास काय पुरणार? ती आत गेली, स्वतःचा फोन घेऊन आली, आणि त्यावरचं मूळ रेकॉर्डिंग लावून माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

कुकरची शिट्टी. तिचा आवाज. आणि टेबलावर माझ्या हाताची टकटक, जी मी गोंगाट म्हणून काढून टाकली होती. पहिलं कडवं, दुसरं कडवं, टकटक व्यवस्थित. तिसऱ्यात 'सावलीला' आलं, आणि टेबलावर मी माझा तो सुप्रसिद्ध तुकडा सुरू केला. तो मला येत नाही. हे मी कधी ऐकलंच नव्हतं, कारण तो वाजवत असताना मी वाजवण्यात असतो. बोटं एकमेकांत अडकली, एक मात्रा गेली, मग दुसरी गेली, मी आपला चाचपडत चाचपडत समेच्या दिशेनं येतोय, आणि तोवर वरती तिनं तो सूर धरून ठेवलाय. श्वास संपत आलाय, तरी सोडत नाही. माझा हात शेवटी धपकन समेवर पडला, तेव्हाच ती खाली उतरली.

आम्रपालीनं फोन बंद केला. म्हणाली, "तुम्ही तिथे नेहमी अडकता."

"नेहमी?"

"लग्नापासून."

मला शरम वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. विहारात लोक टाळ्या द्यायचे, मी ढोलकीवरून नजर उचलून हलकेच मान झुकवायचो. ती शेजारी बसून श्वास घेत असायची.

"सांगितलं का नाहीस कधी?"

तिनं खांदे उडवले. मग जवळ येऊन कुजबुजली, "ते म्युझिक काढून टाका. फोनवरचंच लावा. तुम्ही वाजवा." आणि म्हणाली, "मी येते."

पौर्णिमेच्या संध्याकाळी ती पांढरी साडी नेसून जिना उतरली. खाली पियुषनं तिला पाहून घाईघाईनं चपला काढल्या. का, ते त्यालाही सांगता येणार नाही. दांडेकरही निघाले होते. "खीर चांगली असते म्हणे तुमच्याकडे," म्हणाले.

त्रिशरण-पंचशील झालं. कात्रजच्या मुलीचं गाणं झालं. बरी नाही, चांगली गायली. मग दीपमालाताईंनी आम्रपालीचा फोन स्पीकरला जोडला. मी चटईवर ढोलकी घेऊन बसलो, आम्रपाली माझ्या उजव्या हाताला, तिच्या नेहमीच्या जागी. तिच्यासमोर माईक मात्र नव्हता.

मी मनाशी पक्कं केलं होतं, की आज तुकडा नाही. सरळ ठेका. घरी तेवढाच घोटवला होता. या वयात माणसानं स्वतःची लायकी ओळखून वाजवावं.

कुकरची शिट्टी झाली तेव्हा मागे कुणीतरी खुदकलं. मग तिचा आवाज आला आणि विहार गप्प झालं. घुमारा नाही, बासरी नाही. पहिलं कडवं. दुसरं. मी डोळे वर उचलले नाहीत. तिसऱ्यात 'सावलीला' आलं, मी सरळ ठेका धरला, एकही बोट अडकलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्या जागी वेळेवर समेवर पोहोचलो.

तिथे कुणीच नव्हतं. ती अजून वरच होती, सूर धरून. स्पीकरमधून टेबलावरची बारीक टकटक येत होती. तो तिथला मी अजून तुकड्यात चाचपडत होतो, आणि ती त्याच्यासाठी थांबलेली होती. मी इथे रिकाम्या हातांनी बसून होतो. हात ढोलकीवर होते, पण काय वाजवायचं ते कळेना. तिला खाली ये म्हणावं, तर ऐकणार कोण?

माझ्या गुडघ्यावर टकटक झाली. आम्रपालीनं दोन बोटांनी खूण केली होती. वाजवा.

मग मी तुकडा वाजवला. उशिरा, चुकत, बोटं अडकवत, नेहमीसारखा. हात धपकन समेवर पडला, आणि ती उतरली. लोकांनी टाळ्या दिल्या. या खेपेला मी मान झुकवली नाही.

गाणं संपलं. मी ढोलकी बाजूला ठेवायला लागलो, तेवढ्यात स्पीकरमधून, अख्ख्या विहारात, खणखणीत आवाज आला, "झालं का तुमचं? उठा आता, मला पोळ्या करायच्यात."

सगळे हसले. दांडेकर सुद्धा हसले. आम्रपालीनं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते, त्या हसण्याला आवाज नव्हता. मला मात्र हसू येईना. गाणं मी इतके दिवस शेकडो वेळा ऐकलं होतं. हे वाक्य मी पहिल्याच झटक्यात कापून टाकलं होतं, आणि ऑपरेशननंतर घरात मला नक्की काय ऐकू येत नव्हतं ते मला आत्ता कळत होतं.

दीपमालाताई फोन काढायला वाकल्या. मी म्हणालो, "ताई, शेवटचं तेवढं पुन्हा एकदा लावता का?"

त्यांना वाटलं तुकडा म्हणतोय. त्यांनी तिसरं कडवं लावलं.